संत्र्याच्या बागेतलं गवत: काढावं की राखावं? (मुळं, माती आणि पिवळी पानं)

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. मी नागपुरात नोकरी करतो, बाग काटोलकडे आहे. वडील पाहतात. मी शनिवार-रविवारी जाऊन सल्ले देतो आणि ते ऐकत नाहीत, अशी एकूण व्यवस्था.

जमीन भारी काळी, जंबेरी लिंबाच्या खुंटावरची कलमं. मातीच्या अहवालात सामू (pH) ८.२, सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली, चुनखडी भरपूर. मधल्या ओळींत कोवळी पालवी पिवळी पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पण धुऱ्याला (बांधाला) लागून असलेल्या ओळीत हा पिवळेपणा बराच कमी दिसतो. तिथे वखर पोचत नाही, त्यामुळे पावसाळाभर गवत माजलेलं असतं. वडिलांच्या लेखी ते गवत म्हणजे घराण्याची बदनामी. खत-पाणी मात्र सगळ्या ओळींना सारखंच जातं.

तर प्रश्न असा, की गवतामुळे झाडाचा फायदा होऊ शकतो का? गवत खत खातं, एवढंच मी लहानपणापासून ऐकलंय. अलीकडे थोडं वाचलं तेव्हा कळलं की मुळं मातीत आम्लं, साखरा आणि आणखी बरंच काही सोडतात, आणि प्रत्येक वनस्पतीची तऱ्हा वेगळी असते. जाणकारांनी सविस्तर लिहावं. "अमुक औषधाची ड्रेंचिंग करा" असे प्रतिसाद नकोत, ते दुकानदार फुकट देतो.

काळी_कसदार

माझं शिक्षण मृदाशास्त्रातलं आहे आणि नागपूरच्या मातीवर बोलायला मला सहसा कोणी बोलावत नाही, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

आधी निदान. नत्र कमी पडलं तर जुनी पानं आधी पिवळी होतात, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला पुरवतं. लोहाच्या बाबतीत झाडाला हे जवळजवळ जमत नाही, एकदा पानात बसलं की ते तिथंच राहतं. म्हणून लोह कमी पडलं की नवी पालवी पिवळी आणि त्यावर शिरांचं हिरवं जाळं. जस्ताची कमतरता असेल तर पानं बारीक, अरुंद राहतात आणि शिरांच्या मधे पिवळे चट्टे येतात. तुमचं वर्णन लोहाचं वाटतंय.

आता, तुमच्या वावरात लोहाचा तुटवडा नाहीये. काळी माती बेसाल्टची, आणि बेसाल्टमधे लोह भरपूर. मातीच्या वजनाच्या काही टक्के लोह असतंच, आणि एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम. प्रयोगशाळेत मात्र "उपलब्ध लोह" ४.५ पीपीएमच्या खाली आलं की कमतरता धरतात. म्हणजे कोठार भरलेलं आणि ताटात काही नाही. कारण सामू. तो एका अंकानं वाढला की फेरिक लोहाची (लोहाचं सहज न विरघळणारं रूप) विद्राव्यता साधारण हजारपट घटते. सात आणि आठ यांतला फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, मुळाला तो असा भोगावा लागतो.

या कुलुपावर वनस्पतींनी दोन वेगवेगळे तोडगे काढलेत. संत्रं, कापूस, तूर, सोयाबीन, म्हणजे गवतकुळ सोडून जवळपास सगळे, मुळातून आम्लता सोडतात, भोवतालचा सामू खाली आणतात आणि मुळाच्या पृष्ठभागावरच्या विकराकरवी (एन्झाइम) फेरिक लोहाचं फेरस, म्हणजे सहज विरघळणारं, करून आत घेतात. चुनखडीच्या जमिनीत अडचण अशी की सोडलेलं आम्ल चुनाच पिऊन टाकतो. पाणी साचून राहिलं तर बायकार्बोनेट वाढतं आणि मग आणखीच हाल.

गवतकुळाचं, म्हणजे ज्वारी, गहू, मका, हराळी वगैरेंचं, तंत्र निराळं. त्यांची मुळं फायटोसिडेरोफोर नावाची द्रव्यं सोडतात. ही द्रव्यं लोहाला धरतात, विरघळलेलं ठेवतात आणि मूळ ती जोडी जशीच्या तशी आत ओढतं. चुन्याची त्यांना तितकी भीती नाही. जपानच्या ताकागी यांनी १९७६ मधे ओट आणि भाताची मुळं धुतलेल्या पाण्यात लोह धरणारी अशी द्रव्यं असल्याचं दाखवलं. बार्लीत तर हे द्रव्य दिवसभर सारखं येत नाही, सूर्य उगवल्यानंतरच्या काही तासांत जोरात सुटतं.

आणि आता तुमच्या कामाचं. चीनमधे चुनखडीच्या जमिनीत एकटा भुईमूग पिवळा पडतो, मक्याच्या शेजारी लावला की हिरवा राहतो, हे शेतात आणि कुंडीत दोन्हीकडे दिसलंय. इटलीतल्या संशोधकांनी २००६ मधे लिंबूवर्गीय खुंटावर काम केलं. गवतानं सोडवलेलं लोह त्या खुंटाच्या मुळालाही उचलता येतं असं त्यांना आढळलं. म्हणजे तुमची शंका वेडगळ नाही. तुमच्या धुऱ्यावर हेच घडतंय असं मात्र यातून सिद्ध होत नाही, ते वेगळं पाहावं लागेल.

पऱ्हाटी

ताई, तुमी सांगता ते खरंच असंन. पन गवत पानी पिते त्याचं काय? आमी आंबिया बहाराले, म्हनजे हिवायातल्या फुलोऱ्याले, डिसेंबरात ताण देतो, पानी तोडतो. कायी जमीन, पानी धरून ठेवते, ताण बसता बसत नाई. अन् उन्हायात त्याच जमिनीले अशा भेगा पडते का हात जाते आत. तवा झाडालेच पानी पुरत नाई, गवताले कुठून पाजू?

दुसरं म्हनजे बागेत गवत दिसलं का पाव्हना इचारते, "काऊन बावा, बाग पडीत पाडली का?" हे बी पाहा लागते.

उलटतपासणी

पऱ्हाटीभाऊंचा मुद्दा रास्त आहे, पण मला त्याआधीचीच शंका आहे. धुऱ्याची ओळ आणि मधली ओळ यांत फक्त गवताचा फरक आहे असं कशावरून?

धुऱ्यावरच्याच्या लिखाणातच दुसरं कारण दडलंय: "तिथे वखर पोचत नाही." संत्र्याची अन्न शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूटभर मातीत असतात. मधल्या ओळींत प्रत्येक वखरणीला ती तुटतात. मग धुऱ्याकडची झाडं हिरवी आहेत ती शेजारी गवत आहे म्हणून, की त्यांची मुळं कोणी कापत नाही म्हणून? तिसरं, धुऱ्याजवळ जमीन थोडी उंच असेल तर पाणी लवकर निघून जातं, साचत नाही. वर ताईंनीच लिहिलंय की पाणी साचलं की बायकार्बोनेट वाढतं. चौथं, चुनखडीचा थर सगळीकडे सारख्या खोलीवर असतो असं थोडंच आहे.

चार आरोपी आहेत आणि तुम्ही गवताला थेट हार घालायला निघालात.

गच्चीवरची_बाग

मध्येच घुसते, माफी. माझ्या कुंडीतल्या कढीपत्त्याचं अगदी असंच झालंय, नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. आम्ही धरमपेठेत राहतो, बोअरचं पाणी घालते. कुंडीत गवत लावू का?

काळी_कसदार

@गच्चीवरची_बाग: गवत नको, आधी पाणी बदला. कढीपत्ता संत्र्याच्याच कुळातला आहे. बोअरचं जड पाणी रोज घालून तुम्ही कुंडीत छोटी चुनखडीची जमीन तयार केलीय. पावसाचं किंवा नळाचं पाणी द्या, मुरलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा, खालचं भोक तुंबलंय का ते बघा.

@उलटतपासणी: चारही मुद्दे मान्य. वखराचा तर मी सगळ्यात वर ठेवीन.

गोरेवाड्याचा_भटक्या

शेतीतलं मला कळत नाही, रानात फिरतो. पण तिकडचं वाचून इकडचं आठवलं, थोडं अवांतर चालेल ना?

आपल्याकडे सागाचं जंगल. पेंचकडे गेलात की सागच साग. तिथून वर मंडला-बालाघाटकडे, कान्हात, साल सुरू होतो. दोन्ही झाडं मुळांवर बुरशी पाळतात, पण बुरशी वेगळी. सागाची बुरशी मुळाच्या पेशींच्या आत शिरते, बाहेरून काही दिसत नाही. सालाची बुरशी मुळाच्या टोकावर बाहेरून टोपरं घालते आणि पहिल्या पावसात जमिनीतून वर येते. बस्तरच्या बाजारात "बोडा" म्हणून जे गोल, मातकट, भुईमुगाच्या शेंगेहून थोडं मोठं काहीतरी चढ्या भावानं विकतात, ते हेच. लोक सालाखालीच शोधतात, सागाखाली कोणी शोधत नाही.

माती याने बदलते म्हणतात. टोपरं घालणाऱ्या बुरशीतल्या बऱ्याच जाती कुजणाऱ्या पाल्यातून नत्र स्वतःच काढून झाडाला देतात, जिवाणूंची वाट पाहत नाहीत. अमेरिकेतल्या थंड प्रदेशातल्या जंगलांत हे पुष्कळ तपासलंय: अशा झाडांखाली पाला हळू कुजतो, नत्र सेंद्रिय रूपात अडकून राहतं. आतल्या बुरशीवाल्या झाडांखाली पाला लवकर मुरतो आणि मातीत नायट्रेट जास्त खेळतं.

आणि रायमुनिया, म्हणजे घाणेरी! तिचं नाव काढल्याशिवाय आमची चर्चा संपत नाही. बनारसच्या लोकांनी विंध्यातल्या पानझडी जंगलात तिच्याखालची माती तपासली तर नत्राचं चक्र जास्त वेगानं फिरताना सापडलं. ऐकायला छान वाटतं, पण त्या वेगाचा फायदा पुन्हा तिलाच होतो. साग-धावड्याची रोपं तिच्या सावलीत दबून जातात. "माती सुपीक झाली" आणि "जंगल सुधारलं" ही दोन वाक्यं एकच नाहीत, एवढंच म्हणायचं होतं.

एक प्रश्न. बहावा, चिंच, तरोटा, सगळ्यांना शेंगा येतात. म्हणजे हे सगळे हवेतलं नत्र जमिनीत भरतात ना? आमच्या ग्रुपवर एक काका हे छातीठोकपणे सांगतात.

काळी_कसदार

काकांना सांगा, शेंग दिसली म्हणजे गाठ असतेच असं नाही. बहावा, चिंच आणि तरोटा या तिघांच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. बाभळीला येतात. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधांवर बाभळी राखतात, तिथे हा हिशेब बसतो. ज्याला पाहायचं असेल त्यानं पावसाळ्यात तरोटा उपटून बघावा आणि शेजारचं सोयाबीन उपटून बघावं. सोयाबीनची गाठ नखानं फोडली की आत गुलाबी-लाल दिसते, म्हणजे ती कामावर आहे. हिरवट किंवा करडी असेल तर संपली.

बुरशीचा विषय निघालाच आहे तर संत्र्याकडे परत येते, कारण माझ्या मते या धाग्याचा गाभा तिथं आहे.

पानांच्या बाबतीत २००४ मधे जगभरातल्या हजारो जातींची आकडेवारी एकत्र केली गेली आणि एक सरळ रेषा दिसली. एका टोकाला स्वस्तातली पानं: पातळ, नत्र जास्त, लवकर गळतात, लवकर कुजतात. दुसऱ्या टोकाला जाड, चिवट, टिकाऊ पानं, जी मातीत पडूनही लवकर मुरत नाहीत. लोकांना वाटलं मुळांतही अशीच एक रेषा असेल. तसं निघालं नाही. २०२० मधे मुळांचं जे चित्र पुढे आलं त्यात दोन अक्ष आहेत. एक हाच, लवकर वाढून लवकर मरणं विरुद्ध टिकणं. दुसरा मला जास्त आवडतो: स्वतः शोधणारी मुळं आणि दुसऱ्याकडून करवून घेणारी मुळं. पहिली केसासारखी बारीक, एका ग्रॅममधे लांबच लांब, सगळी माती स्वतः पिंजून काढणारी. गवतं बहुतेक याच बाजूची. डिटमर नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९३७ मधे रायचं एकच रोप चार महिने वाढवून मुळं मोजली होती, एकूण लांबी भरली सुमारे ६२० किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ आहे. दुसऱ्या प्रकारची मुळं जाडसर, त्यांना फार पसरायचं नसतं. ती बुरशीला साखर देतात, बुरशी आपले धागे लांबवर धाडून स्फुरद (फॉस्फरस), जस्त आणून देते.

संत्रं दुसऱ्या प्रकारातलं. मुळं जाडसर, त्यांच्यावरचे केस विरळ आणि आखूड. स्फुरद मातीत जागचा हलत नाही, मूळ आपल्या भोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा संपवतं आणि मग उपाशी बसतं. बुरशीशिवाय संत्र्याचं पान हलत नाही म्हणा ना. आणि आपण बागेत काय करतो? वखर घालून ते जाळं दर वेळी तोडतो, वर स्फुरदाचा डोस वाढवतो. स्फुरद आयतं मिळालं की झाड बुरशीला साखर द्यायचं कमी करतं.

दोन ओळींच्या मधे जिवंत मूळच नसेल तर ही बुरशी जगणार कशावर? तिला जिवंत मूळ लागतं, शेणखतावर ती वाढत नाही. गवताचा मला दिसणारा दुसरा फायदा हा, की ते बुरशीला सांभाळून ठेवतं. लोहाचा मुद्दा खोटा ठरला तरी हा उरतो.

जाता जाता: दुकानात "व्हॅम"ची पुडी मिळते ती हीच बुरशी. रोप लावताना मुळाला लागेल अशी घातली तर अर्थ आहे, मोठ्या झाडाच्या आळ्यात वरून टाकण्यात फारसा नाही. ट्रायकोडर्मा ही पूर्णपणे वेगळी बुरशी, दोन्हींची गल्लत करू नका. आणि मोहरी, मुळा, कोबी या मंडळींशी ही बुरशी जोडीच जमवत नाही, म्हणून आंतरपीक म्हणून ती घेतली तर बुरशीच्या दृष्टीनं वावर रिकामंच.

पऱ्हाटी

हे जमलं बुवा. आता आमच्या कामाचं बोलू.

आमचा आजा म्हने, गव्हाले हरभऱ्याचा बेवड पाह्यजे, म्हनजे आधीचं पीक हरभरा, ज्वारीच्या बेवडावर गहू पिवया दिसते. ज्वारीची धसकटं वेचाले बायाइले लावत होता तो. पऱ्हाटीत (कापसात) तुरीच्या ओया तं सगयेच घेते. आता ज्वारी गेली, सोयाबीन आलं. सोयाबीन जमिनीले नत्र देते म्हनून किसी-किसी सांगते, पन आमचं वावर तं वर्साले वर्स हलकंच होऊन राह्यलं. हे कसं काय?

अन् हरभऱ्याची आंब. पहाटे दव असताना चाललं का पायाले चरचरते. आजी फडकं फिरवून पिळून घे, पोटदुखीवर देत होती. पानाले एवढं आम्ल हाये तं मुळाले बी असंन ना?

काळी_कसदार

आजोबांना शंभरपैकी शंभर. आणि भाऊ, आंबेवरून मुळापर्यंत पोचलात हे फार आवडलं. हो, हरभऱ्याची मुळंही सायट्रिकसारखी सेंद्रिय आम्लं सोडतात. आपल्या काळ्या मातीत स्फुरद मुख्यतः कॅल्शियमला बांधलेला असतो, तो सैल करायला ही आम्लं उपयोगी. हरभरा स्वतःपुरता घेतो, थोडा पुढच्या पिकाला राहतो.

तुरीची गोष्ट याहून प्रसिद्ध आहे, पण इथे जपून. हैदराबादजवळ पटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेत १९९० मधे दाखवलं गेलं की तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडतात आणि लोहाला बांधलेला स्फुरद सोडवतात. पण हे लाल मातीत, कारण तिथे स्फुरद लोहाला चिकटलेला असतो. लाल मातीत स्फुरद न घालता ज्वारी-सोयाबीन हरली आणि तूर जगली. त्याच प्रयोगात काळ्या मातीत बाकीच्या पिकांनाही स्फुरद मिळाला, तुरीची किमया तिथे लागलीच नाही. म्हणून "तूर लावा, स्फुरद मोकळा होतो" हे वाक्य काटोलच्या काळ्या जमिनीत जसंच्या तसं उतरवू नका. तुरीचं सोटमूळ खोल जातं, भेगांतून वाट काढतं, आणि काढणीआधी पाला गळून जमिनीवर पडतो, हे फायदे आहेतच.

ज्वारीचं कारण धसकटांत आहे. त्यांत कर्ब खूप, नत्र थोडं. ती कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र उसनं घेतात आणि तेवढ्या दिवसांत गहू पिवळा दिसतो. उसनं नंतर परत मिळतं, पण गहू थांबत नाही. शिवाय ज्वारीच्या मुळातून सॉर्गोलिओन नावाचं एक तेलकट द्रव्य येतं, ते अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना आवरतं. याला दुसरी बाजू आहे: नायट्रेट पावसात वाहून जातं, अमोनियम चिकण मातीला धरून राहतं. ज्वारी जमीन खाते असं म्हणतात, मला तर ती नत्र कुलपात ठेवते असं दिसतं.

सोयाबीनचा हिशेब करून टाकू. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं. प्रथिनाला ६.२५ नं भागलं की नत्र, म्हणजे क्विंटलमागे साधारण ६.४ किलो. दहा क्विंटल विकलं तर ६४ किलो नत्र ट्रॅक्टरवर बसून मंडीत गेलं. झाडाच्या एकूण नत्रातलं हवेतून आलेलं बहुधा निम्मं किंवा थोडं जास्त, बाकी जमिनीतलंच. वर कुटारही (मळणीनंतरचा भुसा) उचलून नेलं तर शिल्लक शून्याच्या आसपास, कधी उणे. वावर हलकं होतंय हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे.

गोरेवाड्याचा_भटक्या

"नत्र ट्रॅक्टरवर बसून मंडीत" हे ग्रुपवर ढापतोय.

उलटतपासणी

ढापा, पण पुढचं वाचून. आता धुऱ्यावरचा करणार काय ते ठरवू, नाहीतर उत्तम माहितीचा धागा होऊन बाग तशीच पिवळी राहायची.

माझी मांडणी. मधल्याच ओळी घ्यायच्या, धुऱ्याची ओळ या तुलनेत नकोच. काही ओळींत नेहमीसारखं वखर. काहींत वखर बंद, पण गवतही नाही: विळ्यानं जमिनीसपाट कापून स्वच्छ. काहींत वखर बंद आणि गवत राखलेलं, गुडघ्यापर्यंत आलं की कापून तिथंच टाकायचं. दुसरा आणि तिसरा प्रकार सारखेच हिरवे झाले तर श्रेय वखर थांबवण्याला. तिसराच सरस ठरला तर गवताला हार घाला, मी फुलं आणतो. ओळी एकाआड एक ठेवा, नाहीतर पुन्हा चुनखडी आणि उतार मधे येतील.

ताई, पानांची तपासणी करावी का? लोहाचा आकडा थेट मिळेल.

काळी_कसदार

मांडणी झकास. एवढंच की दुसऱ्या प्रकारात गवत जमिनीलगत वरचेवर कापत राहावं लागेल, नाहीतर त्याची मुळं खाली जिवंतच राहतील आणि फरक पुसला जाईल.

पानं जरूर तपासा: न फळलेल्या फांदीवरची, टोकाकडून दुसरं-तिसरं-चौथं पान, सहा ते आठ महिने वयाची. नत्र, पालाश, जस्त यांना हा आकडा उपयोगी. लोहाला मात्र फसवा. पिवळ्या पानात एकूण लोह हिरव्या पानाइतकंच, कधी जास्तही निघतं, कारण पानात पोचलेलं सगळं लोह कामाच्या रूपात नसतं. या घोळावर शोधनिबंध लिहिले गेलेत.

त्यापेक्षा सोपी कसोटी सांगते. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), ताजं कालवलेलं, उभं राहिलेलं तांबूस पाणी नको. पिवळ्या पालवीतली काही पानं निवडून प्रत्येकाच्या अर्ध्या भागावर ब्रशनं लावा, अर्धा भाग कोरडा ठेवा. संध्याकाळी लावा, उन्हात पान करपतं. आठ-दहा दिवसांत लावलेला भाग हिरवा व्हायला लागला तर दुखणं लोहाचं. दोन्ही अर्धे सारखेच पिवळे राहिले तर जस्त, मँगनीज किंवा मुळांचं काही तरी पाहावं लागेल. डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) असेल तर मुळंच सडलेली असतात, तिथे ना गवत कामाचं ना हिराकस.

धुऱ्यावरचा

सगळ्यांचे आभार. वडिलांना वखर-गवताची तीन प्रकारांची मांडणी सांगितली. गवताला नाही म्हणाले. हरभऱ्याची आंब, धसकटं आणि ट्रॅक्टरवरचं नत्र सांगितल्यावर खुर्ची पुढे ओढली. आता ते राजी आहेत, अट एकच, गवताच्या ओळी रस्त्यावरून दिसणाऱ्या नकोत. पाव्हण्यांचा धसका आमच्याकडेही आहे, पऱ्हाटीभाऊ.

पाण्याचा मुद्दा राहिला. आमच्याकडचं बरंचसं गवत वर्षायू, नोव्हेंबर संपता संपता वाळतं. म्हणजे आंबियाच्या ताणाच्या वेळी ते पाणी पिणार नाही, उलट वाळलेलं कापून आच्छादन होईल असं वाटतंय. बरोबर?

काळी_कसदार

बरोबर. मृग बहार (पावसाळी फुलोरा) घेणाऱ्यानं वेगळा विचार करावा, कारण त्याचा ताण उन्हाळ्यात असतो. आणि गवत बी धरायच्या आत कापा, नाहीतर पुढच्या वर्षी वडील तुम्हालाच वखराला जुंपतील. पहिल्या वर्षी नत्राचा हप्ता गवताच्या ओळींत थोडा वाढवून द्या, कापलेलं गवत कुजताना ज्वारीच्या धसकटांसारखंच उसनं मागेल.

पऱ्हाटी

मी बी दोन ओयी सोडतो म्हनतो. पन ताई, आमच्या बागेत गवत म्हनजे निरा लव्हाया. चालंन का?

काळी_कसदार

लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण तो गवतकुळातला नाही. लोह धरणारं ते द्रव्य गवतकुळाचंच, लव्हाळ्याकडून त्याची अपेक्षा नको. दांडा चिमटीत धरून फिरवून बघा: लव्हाळ्याचा तीन धारी लागतो, गवताचा गोल आणि मधे मधे पेरं. शिवाय त्याच्या जमिनीखालच्या गाठी वखरानं तुटून आणखी पसरतात, म्हणजे वर्षानुवर्षं वखरून तुम्ही त्याची लागवडच केलीय. त्या ओळींत पावसाच्या सुरवातीला दाट पेरून चाऱ्याची ज्वारी किंवा बाजरी घ्या, सावली झाली की लव्हाळा दबतो. ज्वारी लोहाच्या कामात गहू-बार्लीएवढी तरबेज नाही, पण चारा तरी होईल.

पऱ्हाटी

घ्या. आजा गेल्यावर ज्वारी आता संत्र्याच्या बागेत येनार. बाजरीचं बी पाह्यतो पयले.